गुडघ्याच्या वाटीमागची चरबी: दुखणं वाढवते की गुडघा सांभाळते?

"वाटी झिजली." "गॅप कमी झालाय." "वंगण संपलं."

गुडघेदुखीचा विषय निघाला की यातलं एक तरी वाक्य कानावर पडतंच. या तिन्ही वाक्यांत हाड आहे, कूर्चा आहे, सांध्यातला द्रवही आहे. पण गुडघ्यातला एक महत्त्वाचा भाग त्यांत कुठेच नाही. तो म्हणजे वाटीच्या खाली आणि मागे असलेली चरबीची छोटी गादी.

कित्येक वर्षं डॉक्टरांनीही तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये आड येते म्हणून ती कापून टाकली जायची, आजही अनेकदा टाकली जाते. पण गेल्या काही दशकांतल्या संशोधनामुळे या गादीबद्दलचं चित्र बदललं आहे. ही गादी जागा भरून काढण्याबरोबरच रसायनं तयार करते, तिला रक्ताचा भरपूर पुरवठा असतो आणि ती गुडघ्यातल्या सर्वांत जास्त दुखणाऱ्या भागांपैकी एक आहे.

मग ही चरबी गुडघ्याचं नुकसान करते की त्याला सांभाळते? आणि ऑपरेशन करायचंच असेल तर ती ठेवावी की काढावी?

ही गादी नेमकी कुठे असते?

खुर्चीवर बसा आणि पाय समोर सरळ करा. वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या हाडापर्यंत एक जाड, दोरीसारखी पट्टी हाताला लागेल. ही कंडरा. तिच्या दोन्ही बाजूंना बोटाने हलकेच दाबलं की मऊ लागतं. चरबीची गादी इथेच, कंडरेच्या मागे असते.

मोठ्या माणसाच्या गुडघ्यात ती साधारण २० ते ३० मिलिलिटर असते, म्हणजे दीड-दोन मोठे चमचे. ती सांध्याच्या पिशवीच्या आत, पण सांध्याच्या अस्तराच्या बाहेर असते. गुडघा वाकवताना आणि सरळ करताना आतल्या पोकळीचा आकार बदलतो. त्या बदलत्या जागेत ही मऊ गादी सरकते, पसरते आणि धक्काही झेलते.

जर्मन शल्यचिकित्सक अल्बर्ट हॉफा यांनी १९०४ मध्ये या चरबीच्या आजाराबद्दल लिहिलं. गादीला सूज आली की ती हाडांच्या मध्ये चिमटली जाते आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, असं त्यांनी मांडलं. तेव्हापासून तिला 'हॉफाज फॅट पॅड' असंही म्हणतात.

तिची आणखी एक गोष्ट वेगळी आहे. माणूस उपासमारीने अगदी खंगला, अंगावरची चरबी उतरली, तरी ही गादी बऱ्याच अंशी टिकून राहते. म्हणजे पोटावरच्या चरबीसारखा हा अडीअडचणीला वापरायचा साठा नाही. शरीराने ती गुडघ्याच्या कामासाठीच राखून ठेवलेली दिसते.

स्वतःचाच गुडघा उघडून पाहणारा डॉक्टर

गुडघा दुखतो म्हणजे त्यातलं नक्की काय दुखतं? हे शोधण्यासाठी अमेरिकेतले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. स्कॉट डाय यांनी थेट स्वतःवर प्रयोग करून घेतला. १९९८ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

त्यांच्या गुडघ्यात दुर्बीण घालण्यात आली. त्वचेवरचा छेद बधिर केला होता, पण सांध्याचा आतला भाग बधिर केला नव्हता. डॉ. डाय पूर्ण शुद्धीत होते. सहकारी आतल्या एकेका भागाला उपकरणाने स्पर्श करत होता आणि डाय किती दुखतंय ते सांगत होते.

वाटीच्या मागच्या कूर्चेला टोचलं, तेव्हा त्यांना काहीच जाणवलं नाही. पण उपकरण सांध्याच्या पुढच्या अस्तराला आणि चरबीच्या गादीला लागलं तेव्हा तीव्र वेदना झाली. नेमकं कुठे दुखतंय, हेही त्यांना बरोबर सांगता आलं.

हा प्रयोग एकाच माणसावरचा होता, त्यामुळे त्यावरून सगळ्या जगाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. पण त्यातून दिसलेली गोष्ट शरीररचनेशी जुळते. कूर्चेत वेदना पोहोचवणाऱ्या नसा नसतात. चरबीच्या गादीत त्या भरपूर असतात.

म्हणजे ज्या कूर्चेची झीज सगळे मोजतात, ती स्वतः दुखत नाही. दुखणं हाडातून, अस्तरातून आणि या गादीतून येतं.

मग 'गॅप कमी झाला' म्हणजे काय?

एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, कूर्चा दिसत नाही. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये जी मोकळी जागा दिसते, तिथे प्रत्यक्षात कूर्चा असते. कूर्चा झिजली की दोन हाडं जवळ येतात. त्यालाच बोलीभाषेत 'गॅप कमी होणं' म्हणतात.

एक्स-रे उपयोगाचा आहे, पण तो पूर्ण गोष्ट सांगत नाही. काहींच्या एक्स-रेमध्ये भरपूर झीज दिसते, पण त्यांना फारसा त्रास नसतो. काहींचा एक्स-रे बरा असतो, पण जिना उतरणं नकोसं होतं. डॉक्टरांनाही हा विरोधाभास जुनाच ओळखीचा आहे.

चरबीच्या गादीतली सूज हे त्यामागचं एक कारण असू शकतं. साध्या एक्स-रेवर तिचा नीट अंदाज येत नाही, एमआरआयमध्ये ती दिसते. याचा अर्थ प्रत्येकाने एमआरआय काढावा असा मुळीच नाही. वयानुसार होणाऱ्या गुडघ्याच्या झिजेचं निदान बहुतेक वेळा तपासणी आणि एक्स-रे यांवरूनच होतं.

ऑस्टिओआर्थरायटिसमध्ये चरबीचा काय संबंध?

ऑस्टिओआर्थरायटिस म्हणजे सांध्यांची झीज होणारा संधिवात. २०२० मध्ये जगभरात सुमारे ५९.५ कोटी लोकांना तो होता, असा अंदाज आहे. त्यात गुडघ्याचं प्रमाण सर्वाधिक आहे.

पूर्वी हा आजार गाडीच्या टायरसारखा समजला जायचा. जास्त वजन आणि जास्त वापर म्हणजे जास्त झीज, असं सरळ गणित होतं. वजनाचा भार पडतो हे खरंच आहे. जादा वजन आणि गुडघ्याची झीज असलेल्या लोकांच्या चालण्याच्या एका अभ्यासात असं दिसलं, की शरीराचं वजन एक किलोने कमी झालं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.

पण हे गणित एका ठिकाणी अडतं. लठ्ठ व्यक्तींमध्ये हाताच्या बोटांच्या सांध्यांची झीजही जास्त आढळते. बोटांवर कुणी चालत नाही. मग वजनाचा बोटांशी काय संबंध?

उत्तराचा एक भाग असा: चरबी ही निव्वळ साठवण नसते. चरबीच्या पेशी आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी रक्तात वेगवेगळी रसायनं सोडतात. लेप्टिन हे त्यातलं एक. इंटरल्युकिन-६ हे दुसरं. यातली काही रसायनं दाह वाढवतात, काही कूर्चा मोडणाऱ्या प्रक्रियांना चालना देतात.

गुडघ्यातली गादी हेच काम सांध्याच्या आत बसून करते. कूर्चा आणि अस्तर तिच्यापासून हाकेच्या अंतरावर असतात. जपानमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये झीज झालेल्या गुडघ्यांतल्या या गादीत दाह वाढवणारी रसायनं तयार होत असल्याचं दाखवलं. पुढच्या अभ्यासांत ऑस्टिओआर्थरायटिसच्या रुग्णांच्या गादीत रोगप्रतिकारक पेशींची गर्दी, नव्या रक्तवाहिन्या आणि तंतूंचं जाळंही आढळलं. तंतू वाढले की मऊ गादी कडक होते. कडक गादी नीट सरकत नाही, चिमटली जाते आणि आणखी सुजते.

२०१० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तोवरचा सगळा पुरावा एकत्र मांडला. ही गादी नुसती भर घालणारी नसून आजारात सक्रिय भाग घेणारा सांध्याचा अवयव मानायला हवा, असं त्यांनी म्हटलं.

चरबी नसलेल्या उंदरांनी काय सांगितलं?

अमेरिकेतल्या सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात केल्सी कॉलिन्स, फरशीद गिलाक आणि सहकाऱ्यांनी अंगात जवळजवळ चरबीच नसलेल्या उंदरांवर प्रयोग केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या उंदरांच्या गुडघ्याला मुद्दाम इजा केली. साध्या उंदराला अशी इजा झाली की पुढे त्याची कूर्चा झिजते. या उंदरांची झिजली नाही. नंतर त्यांच्या शरीरात थोडी चरबी बसवली, तेव्हा मात्र त्यांच्याही गुडघ्यांची झीज होऊ लागली.

म्हणजे वजनाशिवायही, चरबी पाठवत असलेल्या रासायनिक संदेशांचा सांध्यांशी संबंध आहे. अर्थात हे उंदीर आहेत आणि इथे शरीरातल्या एकूण चरबीचा प्रश्न होता, फक्त गुडघ्यातल्या गादीचा नाही. त्यामुळे 'गुडघ्यातली चरबी काढा आणि आजार टाळा' असा अर्थ यातून निघत नाही.

मग ही गादी वाईटच का?

तसं नाही. इथे गोष्ट गुंतागुंतीची होते.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर ५० ते ८० वयोगटातल्या लोकांचा अभ्यास झाला. त्यात ज्यांची गादी आकाराने मोठी होती, त्यांच्यात, विशेषतः महिलांमध्ये, गुडघ्याचं दुखणं आणि कूर्चेचं नुकसान कमी दिसलं. म्हणजे मोठी गादी संरक्षण देत असावी. दुसरीकडे, एमआरआयमध्ये गादीत सुजेसारखे बदल दिसले तर त्याचा संबंध जास्त दुखण्याशी आणि आजार वाढण्याशी लागतो, असं इतर अभ्यासांत आढळलं.

दोन्ही एकत्र वाचलं तर मुद्दा स्पष्ट होतो. गादी किती मोठी आहे यापेक्षा ती कोणत्या स्थितीत आहे, हे महत्त्वाचं. निरोगी, मऊ गादी धक्का झेलते. सुजलेली, कडक झालेली गादी दुखणं वाढवते.

यात एक अडचणही लक्षात ठेवायला हवी. माणसांच्या गादीबद्दल जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं ऑपरेशनमध्ये काढून टाकलेल्या तुकड्यांच्या अभ्यासातून आलं आहे. म्हणजे ते तुकडे आजार शेवटच्या टप्प्यात असलेल्या गुडघ्यांतले होते. आधी गादी बिघडली की आधी कूर्चा झिजली, हे अशा तुकड्यांवरून ठरवणं कठीण आहे.

गुडघा बदलताना या गादीचं काय होतं?

२००० साली तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईतल्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली. पुढच्या वर्षी उजवा गुडघाही बदलला. त्या बातम्यांमुळे हे ऑपरेशन घराघरांत पोहोचलं.

आपल्याकडे त्याला 'वाटी बदलणं' म्हणतात. पण प्रत्यक्षात वाटी सहसा तीच राहते. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं काही मिलिमीटर तासली जातात. त्यावर धातूची टोपणं आणि मध्ये खास प्लॅस्टिकची चकती बसवली जाते. वाटीच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकचा तुकडा लावायचा की नाही, हे शल्यचिकित्सक ठरवतात.

हे सगळं करायला गुडघा पुढून उघडावा लागतो, आणि पुढेच ही गादी असते. नडगीच्या हाडाची बाहेरची कड नीट दिसावी म्हणून ती काही प्रमाणात किंवा पूर्ण काढली जाते. ठेवावी की काढावी, यावर शल्यचिकित्सकांमध्ये एकमत नाही.

काढण्याच्या बाजूने असलेले मुद्दे असे: आतलं नीट दिसतं, उपकरणांना जागा मिळते, नवे भाग नेमके बसवता येतात. ऑपरेशननंतर गादी चिमटली जाण्याची शक्यता राहत नाही. शिवाय सुजलेली, दुखणारी गादी ठेवून करायचं काय, असाही प्रश्न आहे.

ठेवण्याच्या बाजूचे मुद्देही वजनदार आहेत. गादीतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या वाटीला आणि तिच्या खालच्या कंडरेला रक्त पुरवतात. गादी पूर्ण काढली तर हा पुरवठा कमी होऊ शकतो. त्या जागी व्रणाच्या ऊती तयार होतात. कंडरा आखडून आखूड झाली तर वाटी खाली ओढली जाते आणि गुडघा वाकवायला त्रास होतो.

अभ्यास काय सांगतात? काहींमध्ये गादी ठेवलेल्या रुग्णांना पुढच्या बाजूचं दुखणं कमी होतं असं दिसलं. काहींमध्ये गादी काढल्यावर कंडरा आखूड झाल्याचं आढळलं. तर काहींमध्ये दोन्ही गटांत फरकच दिसला नाही. त्यामुळे अनेक शल्यचिकित्सक मधला मार्ग घेतात: आड येईल तेवढीच काढायची, बाकीची ठेवायची.

हा प्रश्न रुग्णासाठी किरकोळ नाही. गुडघा बदलल्यानंतर बहुतेकांचं दुखणं खूप कमी होतं. पण सुमारे पाचपैकी एकाला ऑपरेशननंतरही बराच काळ त्रास राहतो. त्यामागे अनेक कारणं असतात आणि गादी हे त्यातलं फक्त एक संभाव्य कारण आहे. तरीही लाखो रुपये आणि काही महिने खर्ची घालणाऱ्या कुटुंबासाठी 'पाचपैकी एक' हा आकडा मोठा आहे.

'गुडघ्याच्या चरबीतून स्टेम सेल' या जाहिरातींचं काय?

सोशल मीडियावर 'ऑपरेशनशिवाय नवा गुडघा' अशा जाहिराती सतत दिसतात. या दाव्यांच्या मुळाशी थोडं खरं विज्ञान आहे. गुडघ्यातल्या या गादीत अशा पेशी असतात, ज्या प्रयोगशाळेत कूर्चा, हाड किंवा चरबीच्या पेशींमध्ये बदलू शकतात. त्यांची इंजेक्शनं देऊन छोट्या चाचण्याही झाल्या आहेत.

पण प्रयोगशाळेतली शक्यता आणि सिद्ध झालेला उपचार यांत मोठं अंतर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचे बाकीचे वापर प्रायोगिकच मानले जातात. ते मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवेत. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जाऊ नयेत, अशीही अपेक्षा असते. गुडघ्याच्या स्टेम सेल उपचारासाठी कुणी पॅकेज सांगत असेल तर तिथेच थांबून विचारणं शहाणपणाचं.

वजन कमी केल्याने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि त्याला भारासोबत दाहाचंही कारण असू शकतं.

लठ्ठपणा आणि गुडघ्याची झीज दोन्ही असलेल्या लोकांवर सेमाग्लुटाइड या औषधाची ६८ आठवड्यांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १३.७ टक्के कमी झालं. औषधाविना राहिलेल्या गटाचं ३.२ टक्के. शंभरपैकी मोजलेल्या वेदनेच्या मापात पहिल्या गटाची वेदना ४१.७ अंकांनी, तर दुसऱ्या गटाची २७.५ अंकांनी कमी झाली. ही चाचणी औषध बनवणाऱ्या कंपनीच्याच खर्चाने झाली होती, हेही नोंदवायला हवं.

दुसऱ्या गटाचा आकडा पुन्हा वाचण्यासारखा आहे. त्यांना खरं औषध मिळालं नव्हतं, पण आहार आणि व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना मिळाला होता. चाचणीत सहभागी झाल्याचा मानसिक परिणाम त्यात असतोच. तरीही नियमित व्यायाम, विशेषतः मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम, हा गुडघ्याच्या झिजेवरचा सुरुवातीचा उपचार मानला जातो.

आणि सडपातळ माणसाचंही गुडघे दुखू शकतात. वय, जुनी इजा, आनुवंशिकता ही कारणंही तितकीच खरी आहेत. त्यामुळे गुडघा दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला "वजन कमी कर" एवढंच ऐकवणं पुरेसं नाही. तिथे आधी तपासणी लागते.

डॉक्टरांना काय विचारता येईल?

ऑपरेशनचा सल्ला मिळाला असेल तर हे प्रश्न सोबत नेता येतात:

• दुखणं गुडघ्याच्या नेमक्या कुठल्या भागातून येतंय असं वाटतं? एक्स-रे आणि माझा त्रास जुळतात का?

• व्यायाम, फिजिओथेरपी आणि वजन यांवर पुरेसा काळ काम झालंय का, की अजून वाव आहे?

• ऑपरेशनमध्ये वाटीमागची चरबीची गादी ठेवणार, थोडी काढणार की पूर्ण काढणार? का?

• वाटीच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिक बसवणार का?

• ऑपरेशननंतर पुढच्या बाजूला दुखत राहिलं तर पुढे काय करणार?

तिसऱ्या प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर नाही. सूज किती आहे, गुडघा किती वाकडा झालाय, आतलं किती दिसतंय, यावर तो निर्णय अनेकदा ऑपरेशनच्या टेबलावरच घ्यावा लागतो. त्यामुळे "ठेवाच" किंवा "काढाच" असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण आपल्या गुडघ्यात काय ठेवलं आणि काय काढलं, हे ऑपरेशनच्या आधी आणि नंतर समजून घेण्याचा हक्क रुग्णाला नक्की आहे.